कपातीची ओळ

सरकारने आरोग्य विमा योजनेत सुधारणा करून ती आणखी बऱ्याच कुटुंबांना लागू केली, त्या वर्षी माझ्या पगाराच्या पावतीवर कपातीच्या रकान्यात एक ओळ वाढली. रक्कम मोठी नव्हती, पण दर महिन्याला ती नजरेला पडत असे आणि दर महिन्याला तोच विचार मनात येत असे, की गेल्या कित्येक वर्षांत मी स्वतःसाठी एकदाही रुग्णालयाची पायरी चढलेलो नाही, मग हे पैसे जातात तरी कुठे? अशाच एका रविवारी सकाळी जनमत चाचणीसाठी एक मुलगी दाराशी आली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, बोलणे अतिशय नम्र. “नव्या आरोग्य विमा धोरणाशी आपण कितपत सहमत आहात?” हा प्रश्न तिने वाचून दाखवला आणि पाच पर्याय सांगितले. मी ‘बऱ्याच अंशी असहमत’ असे उत्तर दिले. तिने पडद्यावर बोट टेकवले, आभार मानले आणि ती शेजारच्या दाराकडे वळली. सगळे मिळून चार मिनिटेही लागली नसतील.

त्यानंतर सुमारे आठ महिन्यांनी माझ्या थोरल्या भावाला छातीत कळ येऊन रुग्णालयात न्यावे लागले. दादाचा स्वतःचा छोटा व्यवसाय आहे. त्याला पगार नाही, त्यामुळे पावती नाही आणि कपातही नाही, आणि सुधारणेपूर्वी त्याच्या घरात कोणाचाच विमा नव्हता. ज्या ओळीवरून मी कुरकुर करत होतो, तशाच असंख्य ओळींच्या पैशांतून त्याच्या घरी विम्याचे कार्ड आले होते. हा संबंध इतका सरळ असूनही विम्याच्या खिडकीसमोर उभा राहीपर्यंत तो माझ्या ध्यानात आला नव्हता.

त्या खिडकीसमोर मी जवळजवळ दोन दिवस काढले. काचेच्या तळाशी एक अर्धगोल फट होती आणि सगळे कागद त्या फटीतूनच आतबाहेर करत होते : अँजिओग्राफीचा अहवाल, ओळखपत्राची झेरॉक्स, डॉक्टरांच्या सहीचा पूर्वमंजुरीचा अर्ज. आत बसलेला तरुण प्रत्येकाला न चिडता एकच वाक्य सांगत होता, “अप्रूव्हल आलं की नाव पुकारतो.” संध्याकाळपर्यंत बाकावरच्या माणसांची एकमेकांशी एक प्रकारची ओळख झाली होती, कोणाचेही नाव पुकारले गेले तरी सगळ्यांच्या माना वर होत. वहिनीने बांगड्या रुमालात गुंडाळून पर्समध्ये आणल्या होत्या आणि मंजुरी येईपर्यंत तिचा हात त्या पर्सवरून हलला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दादाचे नाव पुकारले गेले. त्याला दोन स्टेंट बसवले. घरी सोडताना जे बिल हाती आले, त्यात रुग्णाने भरायच्या रकमेपुढे शून्य होते. वहिनीने तो कागद दोनदा वाचला आणि माझ्याकडे देत म्हणाली, “भाऊजी, तुम्ही एकदा नीट बघा, काहीतरी राहिलं असेल.”

काही राहिले नव्हते. माझे मत मात्र त्या दुपारी पालटले, आणि ते नोंदवून घ्यायला दाराशी पुन्हा कोणी आले नाही.

तेव्हापासून आरोग्य विम्याच्या सुधारणांविषयीचे कोणतेही सर्वेक्षण वाचले, की माझ्या मनात आधी हा प्रश्न येतो की लोकांना नेमके कधी विचारले होते. विम्यात पैसे देण्याचा दिवस आणि त्याचा उपयोग होण्याचा दिवस यांत कित्येकदा वर्षांचे अंतर असते. पैसे दर महिन्याला जातात, सगळ्यांचे जातात आणि दिसत जातात. उपयोग काही जणांनाच होतो, अवचित होतो, आणि ज्यांना होतो ती माणसे त्या वेळी मत सांगण्याच्या मनःस्थितीत नसतात. कोणत्याही एका दिवशी चाचणी घेतली, तर तिला बहुतेक सगळे नुसती कपात सोसणारे लोक भेटणार, हे विम्याच्या रचनेतच आहे.

हे काही आजचे नाही. ब्रिटनमध्ये १९११ साली डेव्हिड लॉइड जॉर्ज यांनी राष्ट्रीय विम्याचा कायदा आणला, तेव्हा कामगाराने आठवड्याला ४ पेन्स भरायचे, मालकाने ३ आणि सरकारने २, अशी वाटणी होती. चार पेन्सांत नऊ पेन्सांचा लाभ असे त्याचे वर्णन केले जाई. कायद्यात घरकाम करणाऱ्या नोकरांचाही समावेश होता, म्हणजे मालकिणीला दर आठवड्याला नोकराच्या कार्डावर विम्याचे तिकीट चिकटवावे लागणार होते. त्या तिकिटाला जीभ लावण्याच्या कल्पनेने एवढा संताप उसळला, की नोव्हेंबर १९११ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये मालकिणी आणि मोलकरणी या दोघींचीही मोठी निषेध सभा भरली. जिला आजारपणात डॉक्टर मिळणार होता ती मोलकरीण आणि जिच्या घरात ती राबत होती ती बाई एकाच बाजूने बोलत होत्या. ती सभा मला नवलाची वाटत नाही. तिकिटे १९१२ च्या जुलैपासून चिकटवायची होती आणि आजारपणातले लाभ १९१३ च्या जानेवारीत सुरू व्हायचे होते. दोघींपुढे तेव्हा फक्त तिकीट होते. कायद्याचा खरा दोष वेगळाच होता, तो म्हणजे त्यात कमावत्याला डॉक्टर मिळत होता, पण त्याच्या बायकामुलांना मिळत नव्हता. ती त्रुटी १९४८ च्या ५ जुलैला राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू होईपर्यंत तशीच राहिली.

लोकांच्या नाराजीने आरोग्य विम्याचा कायदाच मागे घ्यावा लागल्याचे एक उदाहरण अमेरिकेतले आहे आणि मी त्याचा विचार पुष्कळ वेळा केला आहे. तिथल्या वृद्धांसाठी १९६५ च्या कायद्याने आलेली मेडिकेअर ही सरकारी विमा योजना आहे. दीर्घ आणि महागड्या आजारपणात ती पुरी पडत नसे, म्हणून १९८८ मध्ये तिचे संरक्षण वाढवणारा कायदा मंजूर झाला. रुग्णाने भरायच्या रुग्णालयाच्या खर्चावर मर्यादा आणि पुढे टप्प्याटप्प्याने रुग्णालयाबाहेरच्या औषधांचाही खर्च, असे त्याचे स्वरूप होते. मात्र हा सगळा भार वृद्धांनीच उचलायचा होता, आणि ज्यांचे उत्पन्न बरे होते त्यांच्या प्राप्तिकरावर अधिभार लागणार होता, पहिल्या वर्षी माणशी जास्तीत जास्त ८०० डॉलर. पूर्ण रक्कम भरावी लागणारे लोक थोडे होते, पण ती आपल्यालाच भरावी लागणार असे असंख्य लोकांना वाटले. शिवाय ज्यांना जुन्या नोकरीतून असा विमा आधीच मिळत होता, त्यांच्या दृष्टीने हे एकाच गोष्टीसाठी दोनदा पैसे भरणे होते. ऑगस्ट १९८९ मध्ये शिकागोत डॅन रोस्टेनकोव्स्की या बड्या लोकप्रतिनिधीची गाडी संतप्त वृद्धांनी अडवली आणि तिच्यावर फलक आपटले. त्याच वर्षाच्या अखेरीस कायदा रद्द झाला. औषधांसाठी मेडिकेअरमधून संरक्षण मिळण्याची तरतूद पुन्हा व्हायला २००३ साल उजाडले आणि प्रत्यक्ष लाभ २००६ मध्ये सुरू झाला.

गाडी अडवणाऱ्या त्या वृद्धांना अडाणी ठरवायला मी तयार नाही. त्यांची तक्रार रास्त होती, कारण विम्याचे मूळ तत्त्व भार सर्वांत वाटून घेण्याचे आहे आणि इथे तो एकाच वयाच्या माणसांत वाटला गेला होता. पण मधल्या १७ वर्षांत किती जणांनी औषधाची गोळी अर्धी करून घेतली असेल, त्याची मोजदाद कुठल्याच चाचणीत झालेली नाही आणि होणेही शक्य नाही.

याच्या उलट घडलेली गोष्ट कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताची आहे, आणि ती मला सर्वांत जवळची वाटते. टॉमी डग्लस यांच्या सरकारने तिथे सार्वजनिक वैद्यकीय विम्याची योजना आखली आणि वुड्रो लॉइड प्रांताचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, असताना १ जुलै १९६२ रोजी ती लागू झाली. त्याच दिवशी प्रांतातल्या बहुसंख्य डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. ‘आमचे डॉक्टर आम्हाला हवेत’ म्हणणाऱ्या नागरिकांच्या समित्या गावोगावी उभ्या राहिल्या आणि त्यांत लहान मुलांच्या आया आघाडीवर होत्या. त्यांचा विरोध कोणी शिकवून पाठवलेला नव्हता. तान्ह्या मुलाला ताप चढला तर जायचे कुठे, ही भीती अगदी खरी होती. सरकारने बाहेरून डॉक्टर आणले, काही ठिकाणी लोकांनी स्वतःच सहकारी दवाखाने काढले. ११ जुलैला राजधानी रेजायनामध्ये योजनेविरुद्ध मोठा मेळावा भरायचा होता, पण आयोजकांना अपेक्षित होती त्याहून फार कमी माणसे आली. संप २३ दिवसांनी मिटला. डॉक्टरांना काही सवलती मिळाल्या, योजना राहिली.

दोन वर्षांनी, १९६४ च्या निवडणुकीत, ते सरकार पडले. पण योजनेला कडाडून विरोध केलेला पक्ष सत्तेवर आला तेव्हा त्याने ती मोडली नाही. दोन वर्षांत लोक डॉक्टरकडे जाऊन आले होते आणि बिल न देता परतले होते. ते काढून घेण्याची हिंमत कोणालाच झाली नाही. १९६६ मध्ये देशपातळीवरचा कायदा झाला, आणि २००४ मध्ये तिथल्या दूरचित्रवाणीवर प्रेक्षकांनी सर्वांत थोर कॅनेडियन निवडला, तो टॉमी डग्लस. ज्या आया १९६२ मध्ये फलक घेऊन उभ्या होत्या, त्यांतल्या काहींच्या मुलांनी तरी त्यांना मत दिले असेल, असे मला वाटते.

सुधारणा राबवणाऱ्यांनी या गोष्टीवरून निष्कर्ष काढला, की लाभ लवकर पोचवा आणि पैसे हळू मागा, तर तो चुकीचा नाही. पण अडचण अशी आहे, की विम्यात सर्वांत आवश्यक असते तेच सर्वांत नावडते असते. ते म्हणजे सक्ती. विमा ऐच्छिक ठेवला, तर ज्यांना आजार दिसू लागला आहे तेच लोक आधी येतात. त्यांचा खर्च जास्त असल्यामुळे हप्ता वाढतो, वाढलेला हप्ता पाहून उरलेले निरोगी लोक बाहेर पडतात आणि तो आणखी वाढतो. म्हणून एक तर सर्वांना भाग घ्यायला लावावे लागते किंवा सर्वांच्या करातून पैसा उभारावा लागतो. १८८३ मध्ये जर्मनीत बिस्मार्कच्या राजवटीत कामगारांसाठी आजारपणाच्या विम्याचा कायदा झाला, तेव्हाही दोन तृतीयांश वर्गणी कामगाराच्या मजुरीतून आणि एक तृतीयांश मालकाकडून सक्तीनेच घेतली जात होती.

अमेरिकेतल्या २०१० च्या आरोग्य सुधारणा कायद्याबाबत हे फारच स्पष्ट दिसले. आधीपासूनच्या आजाराचे कारण सांगून विमा नाकारता येणार नाही, ही तरतूद जवळजवळ सर्वांना हवी होती. मुलांना २६ वर्षांपर्यंत आईवडिलांच्या विम्यात ठेवता येईल, हेही आवडले होते. मात्र प्रत्येकाने विमा घेतलाच पाहिजे, नाहीतर दंड, ही अट बहुतेकांना नकोशी होती. पहिली गोष्ट तिसरीशिवाय टिकवणे किती कठीण आहे, हे सांगायला चाचणीच्या प्रश्नात जागा नसते. नावाचाही परिणाम होतो. २०१३ मध्ये एका वृत्तवाहिनीच्या चाचणीत ‘ओबामाकेअर’ या कायद्याच्या प्रचलित नावाने विचारले तेव्हा विरोध ४६ टक्के निघाला आणि कायद्याचे अधिकृत नाव घेऊन विचारले तेव्हा ३७ टक्के. कायदा तोच, कलमे तीच. त्याच वर्षी ‘तुमचा सध्याचा विमा आवडत असेल तर तोच ठेवता येईल’ असे आश्वासन मिळालेल्या पुष्कळ लोकांच्या हाती त्यांचा विमा बंद होत असल्याची पत्रे पडली. तो राग खोटा होता असे कोण म्हणेल? दिलेला शब्द मोडला गेला होता.

आणि तरीही २०१७ मध्ये तो कायदा रद्द करण्याचा प्रयत्न सुरू झाला, तेव्हाच लोकमताचा तराजू त्याच्या बाजूला झुकला. विमा नसलेल्यांचे प्रमाण २०१० मधल्या सुमारे १६ टक्क्यांवरून २०१६ पर्यंत ९ टक्क्यांच्या आसपास आले होते, आणि काढून घेतले जाण्याची भीती आता उलट्या बाजूने काम करू लागली होती. जुलैच्या अखेरीस सिनेटमध्ये ५१ विरुद्ध ४९ अशा मतांनी तो प्रयत्न फसला.

हे सगळे वाचून सरकारी विम्याला विरोध म्हणजे केवळ भीती, असे ठरवण्याचा मोह मलाही झाला होता. तो सोडावा लागला, कारण परिणामही दरवेळी आपल्या अपेक्षेसारखे येत नाहीत. २००८ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने गरिबांच्या सरकारी विम्यातल्या सुमारे १० हजार जागांसाठी चक्क सोडत काढली. यादीत जवळपास ९० हजार नावे होती. ज्यांचे नाव निघाले आणि ज्यांचे निघाले नाही, त्यांची तुलना संशोधकांना त्यामुळे करता आली. सुमारे दोन वर्षांनंतर रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि साखर यांत दोन्ही गटांत ठोस फरक आढळला नाही, आणि विमा मिळालेल्या लोकांच्या तातडीच्या विभागातल्या फेऱ्या कमी होण्याऐवजी वाढल्या. पण नैराश्य कमी झाले होते, आणि उपचारापायी कंबरडे मोडणारा खर्च जवळजवळ नाहीसा झाला होता. विरोधकांनी पहिले निष्कर्ष उचलले, समर्थकांनी दुसरे. मला हे दोन्ही एकत्रच वाचावेसे वाटतात. विमा म्हणजे औषध नव्हे, तो रक्तदाब खाली आणत नाही; पण वहिनीचा हात पर्सवरून ज्या क्षणी सैल झाला, तो क्षण पाहिल्यावर दुसऱ्या निष्कर्षाला गौण म्हणणे मला तरी जमणार नाही.

स्वित्झर्लंडमध्ये लोक या प्रश्नावर थेट मतदान करतात. सक्तीच्या विम्याचा आजचा कायदा १९९४ मध्ये जेमतेम ५२ टक्के मतांनी स्वीकारला गेला. अनेक खासगी विमा संस्थांऐवजी एकच सार्वजनिक संस्था असावी, हा प्रस्ताव २००७ मध्ये आणि पुन्हा २०१४ मध्ये त्यांनी नाकारला. हप्ते वाढत असल्याची तक्रार तिथे सतत असते, तरी व्यवस्था बदलायची वेळ आली की लोक हातचे सोडायला तयार होत नाहीत. सस्कॅचेवानमधल्या आया, अमेरिकेतले वृद्ध आणि हे मतदार यांच्यात मला एकच माणूस दिसतो. त्याला जे मिळेल असे सांगितले जाते त्यापेक्षा जे हातात आहे त्याचा भरवसा अधिक वाटतो, आणि आजवर त्याला जी आश्वासने मिळाली आहेत ती पाहता त्याचे फारसे चुकतही नाही.

भरवशाविषयी लिहितो आहे, तर दादाच्या प्रकरणाचा उरलेला भागही सांगायला हवा. घरी आल्यावर पुढच्या तपासण्यांचा खर्च मिळण्यासाठी जो अर्ज केला, तो दोनदा परत आला. पहिल्यांदा एका कागदावर शिक्का नव्हता म्हणून, दुसऱ्यांदा दादाच्या नावातले एक अक्षर कार्डावर वेगळे आणि अहवालावर वेगळे होते म्हणून. अक्षर दुरुस्त करून घेण्यासाठी वहिनीला चार खेटे घालावे लागले. तिसऱ्या खेपेला तिथल्या माणसाने मान वर न करता “उद्या या” म्हटले, तेव्हा ती घरी येऊन रडली. शस्त्रक्रियागृहाबाहेर ती रडली नव्हती. दोन स्टेंटचा सारा खर्च ज्या योजनेने उचलला, त्याच योजनेविषयी त्या आठवड्यात तिचे मत विचारले असते, तर तिने काय सांगितले असते हे मला ठाऊक आहे, आणि तिचे ते उत्तर मी चुकीचे मानले नसते. सुधारणा म्हणजे संसदेत संमत झालेले कलम असे आपण समजतो, पण लोकांपर्यंत ती पोचते ती त्या अर्धगोल फटीतून, आणि फटीपलीकडचा माणूस मान वर करतो की नाही यावर पुष्कळ काही ठरते.

दादा बरा झाल्यावर एका संध्याकाळी मी त्याला विचारले, की छातीत आधी कधी दुखले होते का. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, की जिना चढताना वर्षभरापासून दुखत होते. कार्ड त्यातले निम्मे वर्ष घरातच होते, कपाटात, प्लास्टिकच्या पाकिटासकट. मग गेला का नाहीस, असे मी विचारले. “सगळे म्हणत होते की ती कार्डं कुठेच चालत नाहीत,” तो म्हणाला. “तूही तसंच म्हणाला होतास.”